एक पानी परिचय

सत्कार समितीने बजावलं, एकच पान.
अक्षर मोठं, निवेदकाला चष्मा लागू नये इतकं.
सव्वीस वर्षं मी त्यांची टिपणं टंकली,
म्हणून हेही माझ्याकडेच आलं.

लिहिलं:
वैकुंठ सिनाय भोबे. जन्म चोडण.
वडील गावकारीचे कारकून,
वर्षाकाठी झण वाटताना
शेवटच्या रैसापर्यंत मेळ बसल्याशिवाय
ताटावर बसत नसत.
मग मुलगा पणजीला, जाड भिंतींच्या फाजेंदात,
जिथे पावसाळ्यात व्हाउचरांना बुरशी यायची
आणि हा नवा लेखनिक ती रुमालाने पुसून
बेरजा पुन्हा करायचा.
लेखाधिकारी. उपसचिव. वित्त सचिव.
निवृत्तीनंतर महामंडळाचे अध्यक्ष,
तिथे एका ट्रॉलरवाल्याचं बुडीत कर्ज
नवव्या नोटिशीनंतर वसूल केलं.
(त्या चेकला बांगड्यांचा वास होता.
हे लिहिलं नाही.)

हेही लिहिलं नाही,
की अर्थसंकल्पाच्या आदल्या रात्री
ते टेबलाखाली चपला काढून बसत
आणि 'तूट' हा शब्द टंकताना
माझ्या बोटांकडे असे बघत
जणू ती मीच करते आहे.
की एका मंत्र्याने फाईल भिरकावली तेव्हा
ओणवं होऊन त्यांनी पानं गोळा केली,
क्रमांकाने लावली,
आणि हिरव्या शाईत पुन्हा तेच:
वित्त विभाग सहमत नाही.
सही, तारीख. त्या दिवशी वेळसुद्धा.

पान घेऊन चोडणला गेले.
बल्कांवात बसून त्यांनी पेन उघडलं. अजून हिरवंच.
'कर्तव्यकठोर' खोडलं. 'द्रष्टे' खोडलं.
'अर्थतज्ज्ञ'वर जरा रेंगाळले, मग तेही.
'वसूल केलं'चं 'वसूल झालं' केलं.
आणि तळाला, समासात शिरत,
स्वतःच्या अक्षरात:

गावच्या बांधासाठी अकरा लाख मागितले होते.
निधी उपलब्ध नाही, असं मी लिहिलं.
बांध फुटला. खाजन खारं झालं.

म्हटलं, सर, सत्कार आहे, चौकशी नव्हे.
"पान एकच ना?" ते म्हणाले,
"मग सगळं जमेकडेच कसं भरलंत?"

ती फाईल मला आठवते.
शुक्रवार. चहा यायचा होता.
तीन शब्द, मीच टंकलेले.
आणि निधी खरंच नव्हता,
आकडा बरोबर होता.
अजून मला तेवढंच उलगडत नाही.

सभागृहात निवेदकाने सगळं वाचलं,
खोडलेली विशेषणंसुद्धा, नव्याने घातलेली.
तळच्या ओळी नव्हत्या.
समितीचा मुलगा म्हणाला, जागा पुरली नाही, बाय.
त्यांनी शाल घेतली, घडी न मोडता.
नारळ घेतला. भाषण दोन मिनिटांचं,
त्यात आभार तीन वेळा.

रायबंदरच्या धक्क्यावर फेरीबोटीची वाट बघताना
पलीकडे मांडवीत कॅसिनोचे दिवे पेटले होते.
"या बोटीला तिकीट लावा, असा शेरा मी मारला होता,"
ते म्हणाले. "फेटाळला.
बरं झालं."

मग चोडणच्या काळोखाकडे बोट करून:
"मानशीचं दार भरतीच लोटून लावते,
ओहोटी लागली की आतलं पाणीच उघडतं.
बाबा म्हणायचे, आपण काहीच करायचं नसतं.
फक्त अधूनमधून हात लावून बघायचं,
लाकूड कुजलं का."

बोट लागली. स्कूटरी आधी चढल्या.
त्यांनी नारळ माझ्या पिशवीत घातला
आणि फळीवरून मागे वळून म्हणाले,
"नोंद करून ठेवा.
कुणाकडून, कशाबद्दल."